पावणेचार

अनंतरावांनी नळीचं तोंड अर्धगोल कानशीने दोनदा घासलं, फुंकर मारली आणि ती जिगमध्ये, नळ्या धरून ठेवणाऱ्या सांगाड्यात, दुसऱ्या नळीला टेकवली. मग वाकून, एक डोळा मिटून, सांध्यातून पलीकडच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. उजेडाची बारीक रेघ अजून दिसत होती. त्यांनी नळी काढली आणि पुन्हा कानस उचलली.

"बाबा, बास की आता," शटरजवळच्या टेबलावरून उत्कर्षा म्हणाली. "कागदसुद्धा जाणार नाही त्यात."

"कागद नाही जाणार. उजेड जातोय."

ती हसली नाही, नुसती मान हलवून परत लॅपटॉपकडे वळली. या शेडमध्ये हसणं बंद होऊन वर्ष होऊन गेलं होतं.

बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या मागे ही पत्र्याची शेड. टूलरूमचा मॅनेजर म्हणून निवृत्त झाल्यावर अनंतरावांनी ती घेतली, ती घरातल्या खुर्च्या-स्टुलांना पाय लावायला. पण मुलगा शौनक सायकलवाला निघाला. सायकल म्हणजे मंडईतून भाजी आणायची नव्हे. डोंगरावरून खाली सुटायची. वर जायचं जीपने आणि उतरायचं जिवावर उदार होऊन, दगडांवरून उड्या मारत. याला खेळ म्हणणाऱ्याच्या बुद्धीची अनंतरावांना आधी कीव यायची. मग एकदा शौनकने परदेशी फ्रेम त्यांच्यासमोर ठेवली, आणि तिचे सांधे पाहून ते म्हणाले, "याचे एवढे पैसे घेतात? यापेक्षा बरे टाके मी झोपेत मारीन." तिथून बापलेक कामाला लागले. टाका हा अनंतरावांचा शब्द; आरगॉन गॅसच्या वेल्डिंगने जोडलेल्या कुठल्याही सांध्याला ते टाकाच म्हणत. उत्कर्षा ही शौनकची बायको. कंपनीत डिझाइनचंच काम करायची, तेव्हा ड्रॉइंग आपोआप तिच्याकडे आलं. पुढचा त्रिकोण पोलादी नळ्यांचा, मागचा भाग खालीवर होणारा, आणि दोघांना जोडणारी ॲल्युमिनियमची तळहाताएवढी लिंक. लिंक तिच्या फाइलवरून बाहेर मशीनवर कापून यायची. बाकी सगळं अनंतरावांच्या हातचं.

त्या फ्रेमवरून शौनक मुळशीकडच्या एका उतारावर सुटला आणि एका उडीनंतर जमिनीला टेकताना फ्रेमचा मागचा भाग निखळला. हेल्मेट होतं, छातीला कवच होतं. दगडाला त्याची पर्वा नव्हती.

मोडलेली फ्रेम घरी आली तेव्हा मागच्या भागाचा टाका उसवलेला होता. लिंक जागेवर नव्हती. तिचे तुकडे कारवीत कुठेतरी उडाले ते मिळालेच नाहीत. अनंतरावांनी ते शोधायला सांगितलं नाही. त्यांनी उसवलेला टाका पाहिला आणि पुढे काही पाहायचं उरलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य सांगत राहिले, "माझा टाका सुटला." लोक म्हणायचे, असं मनाला लावून घेऊ नका. पुण्यात माणसं दुःखातही सूचना करतात.

उत्कर्षा मात्र सूचना करत नसे. ती समोर बसून सांगत असे, "टाका नव्हता हो तो, बाबा. तुमची चूक नाही." आणि कळवळून सांगत असे. वर्षश्राद्धानंतर ती कोथरूडला आईवडिलांकडे राहायला गेली. बायको आधीच गेलेली, मुलगा गेला, आता सूनही जाणार आणि ते बरोबरच आहे, हे अनंतरावांनी मनाशी धरलं होतं. पण दर शनिवारी स्वारगेटची गर्दी तुडवत तिची स्कूटर शेडसमोर येऊन थांबायची. त्याला कारण सौमित्रची फ्रेम. सौमित्र हा शौनकचा मित्र, त्याच उतारांवर त्याच्याबरोबर सुटणारा. त्याला तीच फ्रेम हवी होती, त्याच्या मापाची. अनंतरावांनी त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. मध्ये पडली ती उत्कर्षा.

"ती फ्रेम चुकीची नव्हती, हे मला बघायचंय, बाबा," ती म्हणाली होती. तिच्या आवाजात असं काही होतं की अनंतरावांना नाही म्हणता आलं नाही.

आता जिगमधल्या नळीवर हात ठेवून ते म्हणाले, "सौमित्र ताडमाड आहे. पुढची लांबी पावणेदोन सेंटिमीटरने वाढव. शौनकच्या मापात त्याचे गुडघे हँडलला लागतील."

थोडा वेळ बटणं वाजली. "वाढवली."

चष्मा पुसत अनंतराव टेबलाशी आले. पडद्यावर फ्रेमची बाजू दिसत होती. ते बघत राहिले. आयुष्यभर मापं बघितलेल्या डोळ्याला आकडा लागत नाही. काहीतरी खटकतं आधी.

"हा उंट कुठून आला?" ते म्हणाले. "किती वाढवलीस?"

"तुम्ही सांगितली तेवढीच. टू पॉइंट सेव्हन फाइव्ह."

अनंतरावांच्या जिभेवर टोमणा तयारच असे. त्यांनी तोंड उघडलंही. "पावणेदोन म्हणजे..."

"दोन आणि पाऊण," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "मराठी आकडे आता पाठ आहेत मला. तुमच्या शेडमध्ये एवढं तरी शिकले."

तो टोमणा तोंडातच राहिला.

शेडमध्ये आकडे मराठीत बोलायचे, हा अनंतरावांचा दंडक. टूलरूममध्येही त्यांनी तो चालवला होता. इंग्रजी शाळेतल्या पोरांना पावकी, निमकी, सवायकी म्हणजे काय ते माहीत नाही, याचा त्यांना राग होता आणि, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही होता. उत्कर्षा कोथरूडच्या कॉन्व्हेंटमधली. "न कळलं तर विचार," असं तिला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पण विचारतो तो, ज्याला कळलेलं नाही. तिला कळलं होतं. पाऊण म्हणजे तीनचतुर्थांश. मग पावणेदोन म्हणजे दोन आणि वर पाऊण. तिच्या हिशेबात काहीच वाकडं नव्हतं. वाकडी होती ती मराठी भाषा.

लग्नानंतरच्या दिवाळीत नाटकाला जायचं ठरलं होतं. 'पावणेसातला निघू,' अनंतरावांनी सांगितलं होतं. ही तयार होऊन बाहेर आली ती पावणेआठला, अगदी शांतपणे. नाटक बुडालं. शौनक पोट धरून हसला, की ऑफिसातही हिचं असंच असतं. आणि अनंतराव काय म्हणाले होते? "पुण्याची मुलगी आणि वेळेवर? छे, आमचीच अपेक्षा अवास्तव." ती ओशाळून सॉरी म्हणाली होती. कशाबद्दल ते तिला कळलं नव्हतं, आणि तिला विचारायचं त्या घरात कुणाला सुचलं नव्हतं.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही." त्यांनी टेबलाची कड धरली. "लिंकचा खिसा किती धरलायस?"

"तोच. मागे तुम्ही सांगितलेला. त्याला मी हातच लावला नाही."

"म्हणजे किती?"

"फोर पॉइंट सेव्हन फाइव्ह."

लिंकची पट्टी सहा एमएमची. वजन कमी व्हावं म्हणून तिच्या पोटात खळगा पाडायचा, त्याला ते खिसा म्हणत. 'पावणेचार पोखर,' असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. हातात वेल्डिंगची टॉर्च होती, मान वर केली नव्हती. सहातून पावणेचार गेले की बुडाला सव्वादोन राहतात. तेवढे पुरतात. आणि पावणेपाच गेले की राहतो सव्वा. पोळीच्या डब्याचं बूड असतं तेवढा. त्याच्यावर त्यांचा पंचाहत्तर किलोचा मुलगा दगडावरून उडी मारून उतरला होता.

म्हणजे आधी लिंक फाटली होती. लिंक गेल्यावर सगळा भार आडवा टाक्यावर आला, आणि तसा भार जगातला कुठलाच टाका घेत नाही. टाका चांगला होता. तो शेवटपर्यंत धरून राहिला होता.

त्यांना हलकं वाटलं. खोटं कशाला बोला, आधी तेच वाटलं. वर्षभर छातीवर बसलेली धोंड कुणीतरी उचलली आणि त्यांनी पोटभर श्वास घेतला. आणि मग त्यांची नजर समोर वाकलेल्या मानेवर गेली. केस वर बांधलेले, मानेवर घामाचे बारीक थेंब, पडद्यावरच्या रेषेत हरवलेली त्यांच्या मुलाची बायको. आपण सुटलो म्हणून ज्याला बरं वाटलं त्या म्हाताऱ्याची त्यांना किळस आली.

आणि सुटलो तरी कुठे होतो? लिंक मशीनवरून आली तेव्हा शर्टाच्या खिशात व्हर्नियर होता. बाहेरून आलेला खिळासुद्धा मोजून घेणाऱ्या माणसाने ती पट्टी मोजली नव्हती. उत्कर्षाच्या कामाला व्हर्नियर लावला असता तर तिला काय वाटलं असतं, म्हणून.

"बाबा, पावणेदोनचं काय म्हणत होता?"

"जास्त होतंय ते. एक सेंटिमीटर कमी कर."

"म्हणजे वन पॉइंट सेव्हन फाइव्ह."

"हं. तेवढंच." ते पाठ फिरवून जिगकडे गेले. तोंड दिसू नये एवढ्यासाठीच. "आणि लिंकला खिसा नको. भरीव ठेव."

"भरीव? वजन वाढेल की."

"वाढू दे. सौमित्रला उतरायचंच आहे, डोक्यावर घेऊन चढायचं नाहीये."

बटणं वाजली नाहीत. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"बाबा," उत्कर्षा म्हणाली, "लिंक तुटली होती असं वाटतंय का तुम्हाला?"

"मी कुठे असं म्हणालो?"

"मग आजच का बदलायची? एवढे शनिवार झाले, लिंकबद्दल तुम्ही एक शब्द काढला नव्हता." ती खुर्चीतून अर्धवट वळली होती. उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या तळहाताची कड चोळत होती, चोळतच होती. "तेव्हा घाईत ती किती भार पेलते याचं ॲनालिसिस राहून गेलं होतं. शौनक म्हणाला, रेस झाल्यावर करू. मी उद्या लावते ते कॉम्प्युटरवर. जुन्या आकड्यांवरच लावते. मला बघायचंच आहे एकदा."

कॉम्प्युटरला पावणेचार आणि पावणेपाच यांच्याशी देणंघेणं नव्हतं. तो त्या बुडावर धोक्याचा लाल डाग दाखवणार होता, आणि उत्कर्षासारखी मुलगी एका नजरेत ओळखणार होती की एवढं पातळ कुणी ठेवत नाही. मग ती विचारायला येणार होती, बाबा, तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात? आज नाही उद्या कुणीतरी तिला पावणेसहाला बोलावेल आणि ती पावणेसातला पोचल्यावर समजावून सांगेल. त्या दिवशी तिच्या हाताशी दुसरं काहीतरी असायला हवं. 'माझा टाका सुटला' एवढ्यावर भागणार नव्हतं. ते तर ती वर्षभर खोडत आली होती.

अनंतरावांनी कानस खाली ठेवली.

"काही लावू नकोस. लिंकला काही झालं नव्हतं. टाकाच होता."

"असं तुम्ही म्हणता. मला नाही पटत. तुमचा टाका असा..."

"मला माहीत होतं."

तिचा अंगठा थांबला.

"काय माहीत होतं?"

"टाका कच्चा होता ते." आता थांबून चालणार नव्हतं. "मागच्या बाजूचा मारत होतो तेव्हा आरगॉन संपत आला होता. टाका काळा पडला, भोकं भोकं आली. कापून नवा मारायला हवा होता. सिलिंडर दुसऱ्या दिवशी यायचा होता, शौनकची घाई चाललेली. मी वरनं घासला, गुळगुळीत केला आणि रंग मारला. रंगाखाली काय दिसतंय?"

असं काम करणाऱ्याला अनंतरावांनी टूलरूममधून त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. बोलताना एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर येत होती, काळा टाका, भोकं, रंगाचा ब्रश. जणू खरोखरच झालेली.

उत्कर्षाने खुर्ची पूर्ण त्यांच्याकडे वळवली. रडेल असं त्यांना वाटलं. ती रडली नाही.

"शौनकला सांगितलंत?"

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही त्याला त्यावर बसू दिलंत."

"हो."

"आणि वर्षभर मी समोर बसून तुम्हाला सांगत होते. तुमची चूक नाही, तुमची चूक नाही. तुम्ही ऐकून घेत होता." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "वर चहा ठेवायला सांगत होता."

अनंतरावांनी कानस फडक्यात गुंडाळली.

ती लॅपटॉपकडे वळली. पाठ ताठ करून तिने काम केलं; काम अर्धवट टाकणारी ती नव्हती. लिंकच्या पोटातला खिसा पडद्यावर भरला गेला. मग तिने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पट्टा खांद्याला लावला.

"लिंक भरीव केलीय. फाइल मशीनवाल्याला पाठवते," ती म्हणाली. आणि ती सरळ दाराबाहेर पडली. 'येते हं, बाबा' म्हटल्याशिवाय ती त्या शेडमधून आजवर गेली नव्हती.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अनंतराव मात्र येऊन बसत. नळ्यांची तोंडं घासून झाली, नळ्या पुसून झाल्या, मग करण्यासारखं काही उरलं नाही. जोडायला घ्यावं असं दोनदा मनात आलं. पण लिंक आल्याशिवाय मागचा भाग जुळवता येत नव्हता, आणि लिंक यायची ती तिच्याकडूनच.

लिंक आली ती सौमित्रबरोबर. दुपारची वेळ होती. एरवी शटरवर थाप मारून 'काका, जिवंत आहात का' असं ओरडत येणारा सौमित्र उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"ये की आत."

तो आत आला, पण बसला नाही. कागदात गुंडाळलेली लिंक त्याने टेबलावर ठेवली. अनंतरावांनी ती उलगडली, शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढला आणि चारी अंगांनी मोजली. मग उलटी करून पुन्हा मोजली. सौमित्र नळ्यांकडे बघत होता.

"झक्कास आहे," अनंतराव म्हणाले. "भरवशाची. आता हिला जप."

"काका, एक बोलायचं होतं."

"बोल."

"ते..." त्याने मानेवरून हात फिरवला. "टाके मी शिवणे गावात एक जण आहेत त्यांच्याकडून मारून घेतो म्हणतो. नळ्या तुमच्याच. फक्त वेल्डिंग. म्हणजे मला तसं काही नाही, पण उत्कर्षा म्हणाली. तिने अटच घातलीय."

अनंतरावांनी लिंक कागदात परत गुंडाळली. त्यांच्या हाताचे टाके बघायला पूर्वी चाकण-भोसरीकडून माणसं येत असत.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "तिच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं."

जुनी चादर अंथरून दोघांनी नळ्या त्यात ठेवल्या. एकमेकींवर आपटू नयेत म्हणून अनंतराव मध्ये फडकी घालत होते. सौमित्रला हे लवकर आटपायचं होतं, ते त्याच्या हातांवरून कळत होतं.

"कशी आहे ती?" अनंतरावांनी चादरीला गाठ मारता मारता विचारलं.

"बरी आहे. झोप लागते म्हणाली आता."

"आता म्हणजे?"

"तुम्हाला माहीत नाही?" सौमित्रने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "वर्षभर धड झोप नव्हती तिला. गोळ्या चालू होत्या. तिला वाटायचं, लिंकच तुटली असणार, आपलंच ड्रॉइंग चुकलं असणार. कुणाला बोलली नव्हती, आईलासुद्धा नाही. ते कॉम्प्युटरवर लावून बघायची पण हिंमत होत नव्हती म्हणे. तुमच्याकडे टाक्याचं कळलं, त्या दिवसापासून झोपायला लागली."

अनंतरावांच्या बोटांतली गाठ अर्धीच राहिली. मग त्यांनी ती ओढून घट्ट केली.

सौमित्रने गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं. दारापर्यंत गेला आणि वळला. इतका वेळ तोंडावर ठेवलेला अदबीचा पडदा तेवढ्यापुरता गळून पडला.

"तुम्ही हे आधीच सांगायला हवं होतं, काका," तो म्हणाला.

"हो रे," अनंतराव म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं."